हसवणारा परका

चित्रपट पाहून बाहेर पडणाऱ्या प्रेक्षकाला नायकाचे नाव ठाऊक असते, नायिकेचे असते. खलनायकाचेही बहुधा आठवते. परंतु एखाद्या प्रसंगात मध्येच येऊन, चार वाक्ये बोलून, साऱ्या प्रेक्षागृहाला हसवून गेलेल्या नटाचे नाव विचारले, तर 'तो जाडा, चश्मेवाला' एवढ्यावरच उत्तर थांबते. अशा नटांना आपण चरित्र-अभिनेते म्हणतो आणि त्यांच्या भूमिकांना दुय्यम म्हणतो. भूमिका विनोदी असेल, तर ती आणखी एक पायरी खाली उतरते. त्यातून त्या विनोदाचे निमित्त नटाची मोडकीतोडकी भाषा असेल, तर तिला कला म्हणण्यास पुष्कळांची जीभ धजत नाही.

ही उतरंड मला मान्य नाही. ती का मान्य नाही, हे एका नटाच्या जीवनाच्या आधारे सांगण्याचा येथे प्रयत्न आहे. सोके साकाल हे त्या नटाने स्वतः घेतलेले नाव. हॉलिवुडच्या श्रेयनामावलीत ते 'एस. झेड. साकाल' असे झळकत असे. 'कॅसाब्लांका' (१९४२) या विख्यात अमेरिकी चित्रपटातील कार्ल नावाचा मुख्य वेटर ज्यांनी पाहिला असेल, त्यांना हा गोबऱ्या गालांचा, गोल चश्म्याचा, सदैव किंचित गांगरलेला वृद्ध आठवेल. गोंधळला की तो दोन्ही तळहात आपल्याच गालांवर दाबून धरी. प्रेक्षक हसत. बहुतेकांच्या लेखी साकाल यांची ओळख तेवढीच.

साकाल यांचा जन्म १८८३ मध्ये बुडापेस्ट येथे एका ज्यू कुटुंबात झाला. हंगेरी तेव्हा ऑस्ट्रिया-हंगेरी साम्राज्याचा भाग होता आणि गादीवर सम्राट फ्रान्झ जोसेफ होते. शाळकरी वयातच त्यांनी करमणुकीच्या रंगमंचासाठी विनोदी प्रवेश लिहिण्यास सुरुवात केली. 'सोके साकाल' या हंगेरियन शब्दांचा अर्थ 'सोनेरी दाढी'. आपण वयाने थोर दिसावे म्हणून तरुणपणी त्यांनी दाढी राखली होती; तिच्यावरूनच हे टोपणनाव आले आणि ते जन्मभर टिकले. लेखक म्हणून आरंभ केलेला हा तरुण पुढे नट झाला. १९२० नंतरच्या दशकात त्यांनी आधी व्हिएन्ना आणि मग बर्लिन येथील रंगमंच गाजवले. चित्रपट बोलू लागल्यानंतर १९३० मध्ये आलेल्या, 'वॉल्ट्झच्या तालातील दोन हृदये' अशा अर्थाचे शीर्षक असलेल्या जर्मन संगीतपटाने त्यांना मोठी लोकप्रियता मिळवून दिली.

१९३३ मध्ये जर्मनीची सत्ता हिटलरच्या हाती गेली. ज्यू कलावंतांना बर्लिनमध्ये काम करणे अशक्य झाले. साकाल बुडापेस्टला परतले. परंतु मायदेशही फार काळ सुरक्षित राहिला नाही. हंगेरीने १९३८ मध्ये एक कायदा करून वृत्तपत्रे, रंगभूमी, चित्रपट आदी क्षेत्रांतील ज्यूंचे प्रमाण वीस टक्क्यांवर आणले; १९३९ च्या दुसऱ्या कायद्याने ते सहा टक्के केले. ज्यांनी बुडापेस्टच्या रंगभूमीला हसायला शिकवले, त्यांतल्या कित्येकांना आता त्या रंगभूमीवर पाऊल ठेवण्याचा अधिकार उरला नाही. दुसरे महायुद्ध पेटण्याच्या सुमारास साकाल पत्नीसह अमेरिकेला निघून गेले. तेव्हा त्यांचे वय पंचावन्नच्या पुढे होते.

देशांतर कोणालाच सोपे नसते, हे खरे. परंतु नटाचे देशांतर काही वेगळ्याच अर्थाने अवघड असते. चित्रकाराचा कुंचला सीमेपलीकडेही तसाच चालतो. वादकाच्या वाद्याला नव्या देशाचे व्याकरण शिकावे लागत नाही. नटाचे वाद्य म्हणजे त्याची भाषा. विनोदी नटाला तर शब्दावरील आघात, दोन शब्दांमधील क्षणाचा थांबा, म्हणीतला ओळखीचा मुरका यांवाचून एक पाऊलही टाकता येत नाही. ज्या माणसाने चाळीस वर्षे शब्दांच्या बळावर लोकांना हसवले, त्याच्या हाती उतारवयात एक परकी भाषा आली, आणि तीही बेताचीच.

साकाल यांनी काय केले? जी उणीव होती तिलाच त्यांनी आपले साधन केले. इंग्रजीचे व्याकरण त्यांच्या तोंडी अडखळे, शब्द जागा बदलत, उच्चार हंगेरीच्या वाटेने जात. आणि या अडखळण्यातूनच त्यांनी एक नवा विनोद घडवला. 'इट्स अ डेट' (१९४०) हा त्यांचा पहिला अमेरिकी चित्रपट. 'बॉल ऑफ फायर' (१९४१) मध्ये ज्ञानकोश रचणाऱ्या आठ विद्वानांपैकी ते एक होते. 'ख्रिसमस इन कनेक्टिकट' (१९४५) मध्ये त्यांनी नायिकेच्या अब्रूचे रक्षण करणारा प्रेमळ उपाहारगृहचालक फेलिक्स रंगवला. सारे काही उत्तम चालले आहे, हे सांगणारा अमेरिकी बोलीतला एक शब्दप्रयोग हा फेलिक्स आत्मविश्वासाने चुकवून वापरतो. 'इन द गुड ओल्ड समरटाइम' (१९४९) या चित्रपटाची गंमत तर और आहे. त्याची मूळ कथा मिक्लोश लास्लो या हंगेरियन नाटककाराच्या, बुडापेस्टमधल्या एका दुकानात घडणाऱ्या नाटकाची. हॉलिवुडने ती उचलून शिकागोत नेली आणि त्या दुकानाचा मालक झाले साकाल. बुडापेस्टची कथा आणि बुडापेस्टचा नट यांची भेट झाली ती अशी परक्या शहरात, परक्या भाषेत.

परंतु ज्या एका भूमिकेसाठी त्यांचे नाव टिकून राहिले आहे, ती भूमिका त्यांना प्रथम मुळीच आवडली नव्हती. 'कॅसाब्लांका'तील कार्लचे काम त्यांनी नाकारले होते. चार आठवड्यांचे काम मिळत असेल तर येतो, असे ते म्हणाले आणि शेवटी आठवड्याला १,७५० डॉलर या दराने तीन आठवड्यांवर तडजोड झाली. पुढे घडले ते असे, की श्रेयनामावलीत ज्यांची नावे वर आहेत, त्या सिडनी ग्रीनस्ट्रीट आणि पीटर लोरी या दोघांपेक्षाही साकाल पडद्यावर अधिक काळ दिसतात.

चित्रपटाची कथा मोरोक्कोतील कॅसाब्लांका शहरात घडते. नाझींच्या तावडीतून निसटलेले युरोपातील निर्वासित तेथे अडकून पडले आहेत आणि अमेरिकेला जाण्याच्या परवान्याची वाट पाहत आहेत. नायक रिक याच्या कॅफेत त्यांची गर्दी होते. कार्ल तेथील मुख्य वेटर. मालकाने आपल्या टेबलावर येऊन बसावे, म्हणून एक गृहस्थ आपल्या पेढीचा मोठेपणा सांगू लागतात, तेव्हा कार्ल शांतपणे कळवतो, की ॲमस्टरडॅममधला अव्वल पेढीवाला सध्या आमच्याच स्वयंपाकघरात केक-पेस्ट्री करतो आहे. प्रेक्षक हसतात. पण त्या एका वाक्यात कोट्यवधी माणसांच्या उलथून गेलेल्या आयुष्यांचा हिशेब आहे, हे हसून झाल्यावर ध्यानात येते. जर्मन मेजरसाठी उत्तम टेबल राखून ठेव, असे सांगितले जाते, तेव्हा कार्ल उत्तरतो, की ते मी आधीच दिले आहे. जर्मन असल्यामुळे तो ते घेणारच होता. आक्रमणाची एवढी मार्मिक व्याख्या लांबलचक भाषणांतही क्वचित सापडेल. आणि हाच गांगरलेला कार्ल रात्री प्रतिकार-चळवळीच्या गुप्त बैठकीला जातो, हेही चित्रपट फारसा गाजावाजा न करता दाखवतो.

या चित्रपटातील एक प्रसंग मला विशेष वाटतो. लॉइख्टाग नावाचे एक वृद्ध जोडपे दुसऱ्या दिवशी अमेरिकेला निघणार असते. आनंदाच्या या क्षणी कार्लने आपल्यासोबत ब्रँडीचा पेला घ्यावा, असे त्यांना वाटते. तसे ते सुचवतात, तर कार्लने उत्तम ब्रँडी आणि तिसरा पेला आधीच बरोबर आणलेला असतो. नव्या देशात परके वाटू नये म्हणून आता आम्ही दोघे केवळ इंग्रजीतच बोलतो, असे ते अभिमानाने सांगतात. मग नवरा बायकोला वेळ विचारतो. पण 'किती वाजले' ऐवजी 'कोणते घड्याळ' असे विचारतो. ती 'दहा घड्याळ' असे उत्तर देते आणि तो 'इतके पुष्कळ?' असे आश्चर्य व्यक्त करतो. कार्ल गंभीरपणे त्यांना खात्री देतो, की अमेरिकेत तुमचे अगदी छान जमेल.

पदव्युत्तर शिक्षणाच्या काळात एका चित्रपट मंडळाच्या खेळाला मी हा चित्रपट प्रथम पाहिला. या प्रसंगाला सारे प्रेक्षागृह खळखळून हसले, मीही हसलो. चुकीची भाषा ऐकून येते ते आयते हसू मला आले होते. पुढे काही वर्षांनी त्या कलावंतांविषयी वाचले आणि आपण कशाला हसलो होतो, याचा पुन्हा विचार करावा लागला. त्या जोडप्याच्या भूमिका करणारे इल्का ग्र्यूनिंग आणि लुडविग श्ट्योसेल हे दोघेही जर्मन भाषेच्या रंगभूमीवरचे नट, आणि दोघेही नाझींमुळे देशोधडीला लागलेले. साकालही तसेच. जर्मन मेजर झालेले कॉनराड फाइट हे स्वतः जर्मन; पत्नी ज्यू असल्याने त्यांनीही देश सोडला होता. जुगाराच्या टेबलावरील कर्मचारी झालेले मार्सेल दालिओ हे फ्रान्समधून निसटलेले ज्यू नट. ज्यूंचा नमुना म्हणून नाझींनी त्यांचे छायाचित्र भित्तिपत्रकांवर छापले होते. श्रेयनामावलीत नाव असलेल्या कलावंतांपैकी अमेरिकेत जन्मलेले अवघे तीन. म्हणजे पडद्यावर निर्वासितांचे सोंग आणणारे बरेच जण मुळात निर्वासितच होते. त्या टेबलाभोवतीचे तिघे जी इंग्रजी मोडूनतोडून दाखवत होते, तीच खऱ्या आयुष्यात मोडूनतोडून शिकत ते त्या टेबलापर्यंत पोचले होते.

आणि बुडापेस्टमध्ये काय चालले होते? मार्च १९४४ मध्ये जर्मन सैन्याने हंगेरीचा ताबा घेतला. १५ मे ते ९ जुलै १९४४ या आठ आठवड्यांत हंगेरीतून सुमारे ४,३७,००० ज्यूंना आगगाड्यांत कोंबून देशाबाहेर नेण्यात आले. त्यांतील बहुतेक ऑशविट्झ येथे. साकाल यांच्या तीन बहिणी आणि एक भाची नाझींच्या छळछावण्यांत मृत्यू पावल्या. पत्नीचा भाऊ आणि बहीण यांचीही तीच गत झाली. १९४५ च्या उन्हाळ्यात अमेरिकी प्रेक्षक 'ख्रिसमस इन कनेक्टिकट' पाहून फेलिक्सच्या चुकीच्या इंग्रजीला हसत होते, तेव्हा युरोपातील युद्ध संपून काही आठवडेच झाले होते.

येथे एक मोह टाळला पाहिजे. 'हास्य हे जुलमावरचे सर्वांत प्रभावी शस्त्र होय', अशी वाक्ये आपण सहज लिहून जातो. साकाल यांचे जीवन या वाक्याला दुजोरा देत नाही. त्यांच्या विनोदाने एकही आगगाडी थांबली नाही. हास्याला जे करता येत नाही, त्याचे श्रेय हास्याला देणे म्हणजे मेलेल्यांचा उपमर्द करणे होय. मग हास्याने केले तरी काय? त्याचे उत्तर लहान आहे, पण ते मला मोलाचे वाटते. ज्या वेळी एक बलाढ्य सत्ता परक्याचे तोंड दाखवून 'हा शत्रू आहे, हा किळसवाणा आहे' असे भिंतीभिंतीवर छापत होती, त्याच वेळी अडखळत्या भाषेचा एक परका माणूस दुसऱ्या देशाच्या चित्रपटगृहांत आजोबा-मामांसारखा आपला वाटू लागला होता. परका मनुष्य भीतिदायक नसतो, हे व्याख्यान देऊन पटवणे कठीण. साकाल यांनी ते लोकांना हसता हसता अनुभवायला दिले.

यावर दोन आक्षेप घेतले जातील. पहिला असा, की हा नट जन्मभर एकच भूमिका करत राहिला. तेच गाल, तोच गोंधळ, तीच चुकीची वाक्ये. हा आक्षेप खोटा नाही. वॉर्नर ब्रदर्स या चित्रसंस्थेचे प्रमुख जॅक वॉर्नर यांनी त्यांच्या नावात 'कडल्स' ही उपाधी घालायला लावली. कुशीत घ्यावेसे वाटणारे गुबगुबीत लडिवाळ, असा काहीसा तिचा अर्थ. साकाल यांना ती कधीच रुचली नाही. साठीला टेकलेल्या, तीन देशांच्या रंगभूमीवर नाव मिळवलेल्या कलावंताला एका खेळण्याचे नाव मिळावे, यात अवहेलना आहेच. परंतु तिला त्यांनी दिलेले उत्तरही पाहिले पाहिजे. १९५४ मध्ये त्यांचे आत्मचरित्र प्रसिद्ध झाले. 'द स्टोरी ऑफ कडल्स' हे त्याचे शीर्षक. आणि उपशीर्षकाचा आशय असा, की सम्राट फ्रान्झ जोसेफ, अडॉल्फ हिटलर आणि वॉर्नर ब्रदर्स यांच्या राजवटींतील माझे आयुष्य. तीन सत्ताधीश त्यांनी एका ओळीत बसवले! लादलेले नाव स्वीकारूनही त्याच मुखपृष्ठावर मालकाला हा असा चिमटा काढणारा माणूस केवळ लडिवाळ असू शकत नाही. एकाच साच्यातल्या भूमिका त्यांच्या वाट्याला आल्या, हा दोष साचा करणाऱ्यांचा आहे. त्या साच्यातही कार्लसारखा जिवंत माणूस ओतला, हे श्रेय नटाचे आहे.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. कोणाच्या सदोष भाषेला हसणे हा विनोदाचा हलका प्रकार नव्हे काय? बहुतेक वेळा तो हलकाच असतो. बाजारात, कचेरीत, वर्गात आपण असे हसू रोज ऐकतो. परंतु घड्याळाच्या त्या प्रसंगात कार्ल काय करतो, ते पुन्हा आठवा. त्या वृद्धांची चूक त्याला कळलेली असते, तरी तो हसत नाही, दुरुस्ती करत नाही, आपल्याला थोडे अधिक इंग्रजी येते असेही दाखवत नाही. प्रेक्षकाचे हसू त्या दोघांना बोचण्याआधी तो मध्ये उभा राहतो आणि त्यांची आशा शाबूत ठेवतो. भाषेचा विनोद हलका की उंच, हे चुकीवरून ठरत नाही. चुकणाऱ्याला एकटे पाडून हसायचे की त्याच्यासाठी तिसरा पेला आणून त्याच्या शेजारी बसायचे, यावरून ते ठरते.

आपल्या परंपरेला हे अपरिचित नाही. संस्कृत नाटकातला राजा संस्कृतात बोलतो आणि विदूषक प्राकृतात. भाषेच्या उतरंडीत विदूषकाची जागा खालची. तरीही 'मृच्छकटिक' नाटकात चारुदत्त निर्धन झाल्यावर त्याची साथ न सोडणारा मित्र मैत्रेय हा प्राकृत बोलणारा विदूषकच आहे. शुद्ध भाषा आणि शुद्ध मन यांची गाठ अटळ नसते, हे आपल्या नाटककारांना केव्हाच उमगले होते.

हे पाठ्यपुस्तक वाचणाऱ्यांपैकी अनेकजण महाराष्ट्राबाहेर राहणारे असतील. इंदूरच्या मराठीत हिंदीचे, बडोद्याच्या मराठीत गुजरातीचे, तंजावरच्या मराठीत तमिळचे रंग मिसळलेले असतात. अशी मराठी ऐकून कोणी हसले असेल. किंवा पोटापाण्यासाठी दुसऱ्या प्रांतात गेल्यावर तिथली भाषा बोलताना आपली फजिती झाली असेल. काही वेळा हसणाऱ्यांत आपणही असू. शिक्षण अर्धवट सुटलेला मनुष्य पुन्हा वही उघडतो, तेव्हाही पहिल्या चुकीला आसपासचे हसू त्याच्या कानी येते. अशा वेळी तो पुन्हा गप्प बसतो की पुढचे वाक्य बोलतो, हे पुष्कळदा समोर बसलेल्या माणसावर अवलंबून असते.

१२ फेब्रुवारी १९५५ रोजी हृदयविकाराने साकाल यांचे निधन झाले. त्याआधीच्या वर्षी आलेला 'द स्टुडंट प्रिन्स' हा त्यांचा अखेरचा चित्रपट. 'कॅसाब्लांका'ला सर्वोत्कृष्ट चित्रपट, दिग्दर्शन आणि पटकथा अशी तीन ऑस्कर पारितोषिके मिळाली. त्यांत अभिनयाचे एकही नव्हते. साकाल यांच्या भूमिकेला कोणी आजही दुय्यम म्हणेल. नायकाच्या तुलनेत तिची लांबी कमी आहे, एवढ्यापुरते ते खरेही आहे. पण तो चित्रपट पुन्हा पाहण्याची संधी मिळाली, तर नायक-नायिकेवरची नजर क्षणभर काढून त्या वृद्ध वेटरकडे वळवावी. तो टेबलाशी येतो, ब्रँडी ओततो, एका चुकीच्या वाक्यावर मान डोलावतो. अभिनय म्हणून एवढेच. त्यामागे किती गावे आणि किती माणसे सुटली होती, हे ठाऊक झाल्यावर त्याला दुय्यम म्हणणे निदान मला तरी जमत नाही.